झीरो टाकला, वॉर्निंग गेली

सी भाषेतला कोणताही जुना प्रकल्प घ्या आणि त्यातल्या बदलांचा इतिहास चाळा. एक बदल हमखास भेटतो. फंक्शनच्या सुरुवातीला नुसतं ‘इंट काउंट;’ असं होतं, म्हणजे किंमत न देता नुसता व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा) मांडलेला होता, तिथे कोणीतरी ‘इंट काउंट = ०;’ करून ठेवलेलं असतं. शेजारी कारण लिहिलेलं: ‘कंपायलर वॉर्निंग काढली.’ कंपायलर म्हणजे आपला कोड मशिनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, आणि त्याची वॉर्निंग अशी की हा व्हेरिएबल भरण्याआधीच वाचला जाईल. शून्यच का? एक का नाही, उणे एक का नाही? त्याबद्दल अवाक्षर नसतं. वॉर्निंग होती, ती गेली, बिल्ड स्वच्छ झाला, माणूस जेवायला गेला.

मी गाड्यांमधल्या कंट्रोलरसाठी सी लिहिते. पुण्यात हे काम करणारी माणसं पैशाला पासरी आहेत, त्यामुळे यात मिरवण्यासारखं काही नाही. पण हा एका शून्याचा बदल रिव्ह्यूला आला की मी अडून बसते, आणि टीममधली पोरं त्यावरून माझी नक्कलही करतात. मध्यंतरी असाच एक संवाद झाला.

“ही वॉर्निंग कशी घालवलीस?”

“झीरो टाकला, मॅम.”

“आणि सेन्सर वाचताच आला नाही तर?”

“तर झीरोच जाईल ना पुढे.”

“म्हणजे बाहेर शून्य अंश तापमान आहे, असं गाडी समजणार.”

“पुण्यात कुठे शून्य होतंय, मॅम.”

हजरजबाबीपणाला पैकीच्या पैकी गुण. पण सेन्सर बोलला नाही तर काय करायचं, हे त्या फंक्शनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि कंपायलर नेमकं तेच विचारत होता. शून्य टाकल्यावर तो गप्प झाला, इतकंच. परीक्षेला न बसलेल्या मुलाच्या नावापुढे मास्तरांनी ‘गैरहजर’ न लिहिता शून्य लिहावं, तसं हे आहे. तक्ता पूर्ण भरलेला दिसतो, सरासरीही निघते, आणि मुलगा आलाच नव्हता ही गोष्ट मात्र त्या तक्त्यातून कोणालाही पुन्हा कळत नाही.

या विषयाशी आपली पहिली गाठ पडते ती कॉलेजच्या लॅबमध्ये. निळ्या पडद्याचं टर्बो सी. बोरलँडने ते १९८७ साली बाजारात आणलं, आणि आपल्याकडच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत ते इतकं मुरलं की डॉस गेल्यावरही डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आडोशाने नांदत राहिलं. कंपाईल केलं की पडद्याच्या मधोमध एक चौकट यायची. तीत वॉर्निंग किती आणि एरर किती, हे वेगवेगळं दाखवलेलं असायचं. एररपुढे शून्य दिसलं की बोटं आपोआप कंट्रोल-एफ-नाइनकडे वळायची. वॉर्निंगचा आकडा वाचणारं माणूस मला त्या लॅबमध्ये भेटलं नाही. खरं तर टर्बो सीसुद्धा बिचारं ‘पॉसिबल यूज ऑफ अमुक बिफोर डेफिनिशन’ असं सांगायचं.

तोंडी परीक्षेतला प्रश्न ठरलेला असे: लोकल (फंक्शनच्या आतल्या) व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर त्यात काय असतं? उत्तरही ठरलेलं: गार्बेज व्हॅल्यू. एक्स्टर्नल मान डोलावणार, पुढचा प्रश्न. हे उत्तर मला आता फार तोकडं वाटतं. त्यातून डोळ्यांसमोर चित्र असं येतं की त्या जागेत एक जुनी, निरुपयोगी, पण ठाम अशी संख्या पडलेली आहे आणि कितीही वेळा वाचली तरी तीच मिळणार आहे. स्टॅकवर, म्हणजे लोकल व्हेरिएबल राहतात त्या मेमरीत, मागच्या फंक्शनने सोडलेले बिट पडलेले असतात हे खरं. पण तुमचा व्हेरिएबल त्या बिटांशी इमान राखेल, अशी हमी सीच्या नियमांत कुठेही नाही.

एक प्रयोग बघा. ‘बूल’ (खरं-खोटं) जातीचा व्हेरिएबल घ्या आणि त्याला किंमत देऊ नका. मग दोन स्वतंत्र ‘इफ’ लिहा. एकात, तो खरा असेल तर ‘हो’ छापा. दुसऱ्यात, तो खरा नसेल तर ‘नाही’ छापा. काही वेळा ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही छापले जातात. भुताटकी वगैरे काही नाही. बूलमध्ये ० किंवा १ च असणार, असं कंपायलर गृहीत धरतो आणि उलट किंमत काढायला फक्त शेवटचा बिट फिरवतो. त्या बाइटमध्ये २ पडलेले असतील तर ते शून्य नाहीत, म्हणून खरे. शेवटचा बिट फिरवला की ३, तेही शून्य नाहीत, म्हणून तेही खरे. आता या व्हेरिएबलची ‘गार्बेज व्हॅल्यू’ काय होती ते सांगा.

२०११ च्या सी मानकात तर याबद्दल मुद्दाम एक वाक्य घातलं गेलं. ज्या लोकल व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता कधीच घेतलेला नाही, म्हणजे जो सरळ रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) राहू शकला असता, तो किंमत देण्याआधी वाचला तर अनडिफाइन्ड बिहेवियर. पुढे काय होईल याची भाषा कसलीही हमी देत नाही. या वाक्याच्या मागे इटॅनियम प्रोसेसर आहे. त्याच्या रजिस्टरला ६४ बिटांखेरीज आणखी एक बिट असायचा, त्याचं नाव ‘नॉट अ थिंग’. तो लागलेला असला की रजिस्टरमध्ये किंमतच नाही असं समजायचं, आणि तसं रजिस्टर नेहमीच्या पद्धतीने मेमरीत साठवायला गेलात तर प्रोसेसर फॉल्ट देणार. इटॅनियम बाजारातून गेला, वाक्य राहिलं.

मग असा कोड एरवी चालतो कसा? कारण मशिन पुष्कळदा आपली लाज राखते. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल शून्यापासूनच सुरू होतात, ते नियमातच आहे. लिनक्स किंवा विंडोजवर प्रोसेसला मेमरीची नवी पानं मिळतात ती आधीच पुसून, शून्य करून मिळतात, नाहीतर दुसऱ्याचा पासवर्ड तुमच्या हाती पडायचा. त्यामुळे स्टॅकचा न वापरलेला भाग पहिल्यांदा वापरला गेला तर तिथे शून्यच सापडतं. डेमो छान होतो. मग कोणीतरी आधी एक मोठं फंक्शन बोलावतं आणि त्याच जागेत भलतंच काही उरतं. आमच्या कंट्रोलरवर निराळीच गंमत असते. स्टॅक किती खोल वापरला जातो हे मोजायला आम्ही तो सुरुवातीला एका ठरावीक बाइटने रंगवून ठेवतो. फ्रीआरटीओएस या कंट्रोलरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो बाइट ‘ए-फाइव्ह’ असतो. डिबगरमध्ये एखाद्या व्हेरिएबलमध्ये ओळीने ए-फाइव्ह, ए-फाइव्ह दिसले की समजायचं, इथे अजून कोणी काही लिहिलेलंच नाही.

आता कंपायलरच्या बाजूने बघू. एखादा व्हेरिएबल भरण्याआधी वाचला जाईल का, याचं प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अचूक उत्तर देणारा कंपायलर कधीच लिहिता येणार नाही. ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली जे सिद्ध केलं त्याचाच हा एक फाटा. त्यामुळे कंपायलरपुढे दोनच पर्याय उरतात: विनाकारण ओरडणं किंवा ओरडायला हवं तिथे गप्प बसणं. जीसीसी हा कंपायलर दोन्ही करतो. २०१२ च्या ४.७ आवृत्तीपासून त्याने या वॉर्निंगचे दोन भाग केले. एक खात्रीची: हा व्हेरिएबल किंमत न देताच वाचला जातोय. दुसरी शंकेची: वाचला जाण्याची शक्यता आहे. ही शंकेची वॉर्निंग ऑप्टिमायझरच्या, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाच्या, जिवावर चालते. ओ-झीरोवर (ऑप्टिमायझर बंद असताना) ती येतच नाही, ओ-टूवर (तो चालू असताना) येते, आणि फंक्शन इनलाइन झालं, म्हणजे बोलावलं तिथेच उतरवलं गेलं, की नाही यावर कमी-जास्त होते. म्हणून कंपायलरची आवृत्ती बदलली की वर्षानुवर्षं हात न लावलेल्या फाइलमधून नव्या वॉर्निंग उगवतात आणि लोक कंपायलरला शिव्या घालतात.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरची प्रकृती वेगळी. तो ऑप्टिमायझरवर अवलंबून राहत नाही. फंक्शनमधल्या वाटा जशा लिहिल्यात तशाच तपासतो, आणि अमुक ‘इफ’ची अट खोटी ठरली तर हा व्हेरिएबल रिकामा राहतो, असं बोट ठेवून सांगतो. शिवाय खाली एक टीप जोडतो, तिच्या मी प्रेमात आहे: ही अट नेहमीच खरी असेल, तर हा ‘इफ’ काढून टाका. याहून नेमका प्रश्न रिव्ह्यू करणारा माणूससुद्धा विचारत नाही. अट नेहमी खरी असते, असं तुला वाटतं ना? मग ती तपासतोस कशाला? आणि कधीतरी खोटी ठरू शकते म्हणून तपासत असशील, तर तेव्हा काय करायचं ते लिही.

पुष्कळदा पोरं म्हणतात, “मॅम, कंपायलरला कळत नाही, मला माहितेय की ते होऊच शकत नाही.” अशा वेळी कोड उघडून बघावा. एका फ्लॅगच्या (हो-नाही सांगणाऱ्या व्हेरिएबलच्या) अटीवर किंमत भरलेली असते, मध्ये दुसऱ्या फाइलमधलं एक फंक्शन बोलावलेलं असतं, आणि खाली त्याच फ्लॅगच्या अटीवर किंमत वाचलेली असते. फ्लॅग ग्लोबल. कंपायलरला ते मधलं फंक्शन दिसत नाही, त्यामुळे ते फ्लॅग बदलणार नाही अशी खात्री तो देऊ शकत नाही. लिहिणाऱ्याची खात्री असते. पण आमच्याकडे असे फ्लॅग इंटरप्टमध्येही (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलतात, आणि मग दोन ‘इफ’च्या मध्ये तो खरोखरच पालटू शकतो. तेव्हा शंका घेणारा शहाणा ठरतो आणि खात्री असणारा तोंडावर पडतो. इलाज सोपा आहे. फंक्शनच्या सुरुवातीलाच फ्लॅग एकदा वाचून लोकल कॉन्स्टमध्ये ठेवायचा आणि दोन्ही अटी त्याच्यावर लिहायच्या. बहुतेक वेळा वॉर्निंग जाते, आणि तिच्याबरोबर एक खरा रेसही (कोण आधी पोचतं यावर अवलंबून असणारा बग) जातो. कुठेही शून्य टाकावं लागत नाही.

गप्प बसण्याची बाजू मात्र जास्त काळजीची. जीसीसीच्या बगांच्या यादीत १८५०१ क्रमांकाची नोंद २००४ सालची आहे. समजा एका वाटेने आलात तर व्हेरिएबलमध्ये १ आहे, दुसऱ्या वाटेने आलात तर काहीच नाही. ऑप्टिमायझर विचार करतो, काहीच नाही म्हणजे मला सोयीचं काहीही. मग तिथेही १ धरू. दोन्ही वाटांवर १ झाल्यावर व्हेरिएबलची गरजच संपते, तो काढून टाकला जातो, आणि वॉर्निंग द्यायला कोणी उरतच नाही. पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला तरी असंच होतं. कीबोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनएफला पूर्णांकाचा पत्ता द्या, वापरणाऱ्याने आकड्याऐवजी ‘अ’ टाइप करू दे. व्हेरिएबल रिकामाच राहतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण पत्ता दिला म्हणजे कोणीतरी भरलं असेल, असं तो धरून चालतो. स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो. ते कोणी तपासलेलं मी लॅबमध्ये तरी पाहिलं नाही. जीसीसीने ११ व्या आवृत्तीत एवढी सुधारणा केली की रिकाम्या व्हेरिएबलचा पत्ता कॉन्स्ट पॉइंटर म्हणून दिला तर तो शंका काढतो. फक्त वाचणार असं म्हणणाऱ्याच्या हाती रिकामं भांडं दिलंत, तर विचारायलाच हवं.

सगळ्यांत जास्त वाद होतात ते ईनम (नावं दिलेल्या मोजक्या किमतींची यादी) आणि स्विच (किमतीनुसार वाट निवडणारी रचना) यांवर. समजा गिअरचा ईनम आहे: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह. त्यावर स्विच लिहिला, चारही केस घातल्या, प्रत्येकीत कमाल वेग भरला, खाली तो परत केला. तरी जीसीसी म्हणतो, किंमत नसण्याची शक्यता आहे. गिअर चारच आहेत की! पण सीमधला ईनम शेवटी पूर्णांकच असतो आणि त्यात ४७ सुद्धा मावतो. गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या कॅन बसवरून आलेला बाइट कास्ट करून (जबरदस्तीने जात बदलून) त्यात कोंबला असेल तर एक दिवस मावेलच.

इथे लोक ‘डीफॉल्ट’ (कुठल्याच केसमध्ये न बसणाऱ्यांसाठीची वाट) घालतात आणि त्यात शून्य भरतात. शंकेची वॉर्निंग गेली. पण तिच्याबरोबर आणखी एक वॉर्निंग गेली, ती कोणाच्या लक्षात येत नाही. डीफॉल्ट नसताना ईनमची एखादी केस राहून गेली तर जीसीसी सांगतो. डीफॉल्ट आला की तो समजतो, यांनी उरलेल्यांची सोय केली आहे. दोन वर्षांनी कोणीतरी ईनममध्ये ‘स्पोर्ट’ घालतं, स्विचकडे फिरकत नाही, बिल्ड स्वच्छ होतो, आणि स्पोर्ट मोडमध्ये कमाल वेग शून्य. हे निदान रस्त्यावर लगेच कळेल. एखाद्या टायमरचा शून्य कळायला महिने लागतात.

मला आवडतो तो मार्ग असा: स्विचचं वेगळं छोटं फंक्शन करायचं, प्रत्येक केसमधून थेट रिटर्न, डीफॉल्ट नाही, आणि स्विचच्या खाली फॉल्ट नोंदवून सुरक्षित किंमत परत. व्हेरिएबलच उरत नाही, त्यामुळे तो रिकामा राहण्याचा प्रश्न नाही. ‘स्पोर्ट’ आला तर कंपायलर सांगतो. बसवरून ४७ आले तर खालची ओळ पकडते. पण गाड्यांच्या जगात इथे मिस्रा आडवा येतो. मिस्रा म्हणजे ब्रिटनच्या मोटार उद्योगातून १९९८ साली निघालेली सीची नियमावली. आमच्याकडे तिच्याशिवाय पान हलत नाही. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत प्रत्येक स्विचला डीफॉल्ट हवाच, असा नियम आहे, आणि फंक्शनमधून बाहेर पडायची वाट एकच असावी, असा सल्लाही आहे. म्हणून आम्ही डीफॉल्ट घालतो, त्यात फॉल्ट नोंदवतो, आणि जीसीसीला वेगळा फ्लॅग (इथे अर्थ, कंपायलरला द्यायची सूचना) देऊन सांगतो की डीफॉल्ट असला तरी राहून गेलेल्या केस सांगत जा. हा फ्लॅग ‘डब्ल्यू-ऑल’ या एकत्रित सूचनेत येत नाही, तो वेगळा मागावा लागतो. ‘ऑल’ म्हटल्यावर सगळं आलं असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

त्याच मिस्रामधला ९.१ क्रमांकाचा नियम आमच्या विषयाचा. लोकल व्हेरिएबल भरल्याशिवाय वाचायचा नाही. हा अनिवार्य वर्गातला आहे, त्यात सवलत मागताच येत नाही. आता वाचा नीट: वाचण्याआधी भरा. घोषित करतानाच भरा, असं त्यात नाही. पण कितीतरी ठिकाणच्या चेकलिस्टमध्ये त्याचं रूपांतर ‘प्रत्येक व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच इनिशियलाइज करावा’ असं झालेलं असतं. तपासायला सोपं, टिक करायला सोपं. माझ्या मते ही सीमधली सगळ्यांत महागात पडणारी शिस्त आहे. सगळीकडे आधीच शून्य भरलं की एखादी वाट राहून गेली तरी कंपायलर, स्टॅटिक ॲनालायझर (कोड न चालवता तपासणारं टूल), व्हॅलग्रिंड (चालवून तपासणारं टूल), सगळेच आंधळे होतात. नियम पाळला जातो आणि ज्यासाठी नियम होता ते राहून जातं. ज्याची किंमत त्याच ओळीत कळते तो व्हेरिएबल त्याच ओळीत, त्या किमतीसह जाहीर करावा. सी९९ पासून (१९९९ च्या मानकापासून) ब्लॉकच्या मध्यावर व्हेरिएबल घोषित करता येतो, मग तो वर टांगून ठेवायचं कारणच काय? आणि ज्याची किंमत पुढच्या फाट्यांवर ठरणार आहे, तो खुशाल रिकामा ठेवावा.

वॉर्निंग घालवण्याच्या नादात काय होऊ शकतं याचं जगजाहीर उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचं आहे. तिथे कुरकुरणारा कंपायलर नव्हता, व्हॅलग्रिंड होता. तो चालत्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बिटावर पाळत ठेवतो आणि न भरलेल्या बिटावर एखादा निर्णय अवलंबून राहिला की सांगतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये रँडम बाइट तयार करणाऱ्या फाइलमध्ये एकसारखी दिसणारी ओळ दोन जागी होती: या बफरमधले बाइट साठ्यात मिसळा. एका जागी तो बफर म्हणजे मागणाऱ्याने दिलेली रिकामी जागा, जी पुढे भरून परत द्यायची. तिथे आधीपासून जे काही पडलेलं असेल ते मिसळलं तर नुकसान नाही. दुसऱ्या जागी तो बफर म्हणजे बाहेरून आणलेली खरीखुरी यादृच्छिकता, जिच्यावर सगळी मदार. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन्ही ओळी बंद केल्या गेल्या. तसं करण्याआधी ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंही होतं, त्यामुळे एकट्या माणसाला झोडपण्यात अर्थ नाही.

त्यानंतर साठ्यात फरक पाडणारी जवळजवळ एकच गोष्ट उरली: प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. लिनक्सवर त्याची नेहमीची मर्यादा ३२,७६८. एका जातीच्या मशिनवर, एका प्रकारची, एका लांबीची एसएसएच की (दूरच्या मशिनवर शिरायची डिजिटल किल्ली) बनवायला घेतली तर जगात साधारण तितक्याच वेगळ्या की निघू शकत होत्या. सगळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून बघायची, की कुलूप उघडलं. लुचियानो बेलो याने हे शोधलं आणि १३ मे २००८ ला ते जाहीर झालं. तोवर दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता आणि डेबियनवर बेतलेलं उबुंटूही त्यात सापडलं होतं. डीएसए जातीची की तर दुसरीकडे नीट बनवलेली असली, तरी अशा मशिनवर तिने नुसती सही केली असली तर तीही गेली.

लोक ही गोष्ट ‘टूलचं फार ऐकू नये’ म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. टूलने वापराची जागा दाखवली होती. ते न भरलेले बाइट आले कुठून, हे शोधायचं काम माणसाचं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. व्हॅलग्रिंडमध्ये न भरलेल्या बाइटांचा उगम दाखवायची सोय २००९ च्या ३.४ आवृत्तीत आली. आता ती वापरायला एक फ्लॅग पुरतो, प्रोग्रॅम आणखी रखडत चालतो, आणि तो वेळ द्यावा.

लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कथा वेगळ्या अंगाने बोलकी आहे. जीसीसीच्या शंकेला कंटाळून तिथे २००७ साली एक मॅक्रो (कंपाईल होण्याआधी दुसऱ्या मजकुरात उलगडणारं नाव) आला, ज्याचा उलगडा ‘एक्स = एक्स’ असा व्हायचा. रिकाम्या व्हेरिएबलला त्याचीच रिकामी किंमत द्यायची! जीसीसी ही खूण ओळखून गप्प बसतो. शून्य भरण्यापेक्षा हे प्रामाणिक, असं तेव्हाचं म्हणणं होतं: मशिनचं काम वाढत नाही आणि वाचणाऱ्याला कळतं की इथे शंका दाबली आहे. पण भोवतीचा कोड बदलतो, मॅक्रो तिथेच राहतो, आणि एक दिवस तो खरा बग झाकू लागतो. कर्नलवर काम करणाऱ्या केस कुक यांनी २०२० साली, ५.९ आवृत्तीत, तो मुळासकट काढला. त्याच वर्षी मे महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी शंकेची वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंदच करून टाकली होती. जीसीसी १० ने इतका गोंगाट सुरू केला होता की कामाची वॉर्निंग त्यात ऐकू येईना. कर्नलच्या पसाऱ्यात मला हे मान्य आहे, त्यांच्याकडे तपासायची इतर हत्यारं आहेत. आमच्या कंट्रोलरच्या कोडला मात्र हा निर्णय लागू करू नये. तो एवढासा असतो. शंकेच्या सगळ्या वॉर्निंग माणसाने चहाच्या दोन वेळांमध्ये वाचून होतात.

मग सगळे लोकल व्हेरिएबल कंपायलरनेच गुपचूप शून्य केले तर? हे आता होतं. क्लँगने २०१९ च्या आसपास तसा फ्लॅग दिला; मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये, गूगलने अँड्रॉइडमध्ये हा मार्ग धरला, लिनक्स कर्नलमध्येही ती सोय आली. स्टॅकवर उरलेले जुने बाइट बाहेर गळू नयेत, यासाठी हे उत्तम. पण क्लँगच्या मंडळींना धास्ती होती की शून्य फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक त्यावर विसंबतील आणि सीची एक नवी बोली तयार होईल. म्हणून ते ‘ए-ए’ या विचित्र बाइटने भरायला आनंदाने देत. शून्य हवं असेल तर सोबत आणखी एक फ्लॅग लिहायला लावत, ज्याचं नावच मुळी ‘इनेबल-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट-झीरो-नोइंग-इट-विल-बी-रिमूव्ह्ड-फ्रॉम-क्लँग’ असं होतं. शपथपत्रच ते. जीसीसी १२ ने २०२२ साली कुठलीही शपथ न घेता शून्य देऊ केलं, आणि पुढे क्लँगनेही ती अट सोडली.

यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी ओळ जीसीसीच्या माहितीपुस्तिकेत आहे. हा फ्लॅग दिला, मशिनवर सगळं शून्य झालं, तरी तुम्ही स्वतः किंमत लिहिली नसेल तर कंपायलर त्या व्हेरिएबलला रिकामाच मानतो आणि वॉर्निंग देतच राहतो. शून्य मशिनच्या सुरक्षिततेसाठी, वॉर्निंग लिहिणाऱ्यासाठी. ‘इंट काउंट = ०;’ ही ओळ या दोन गोष्टींची गल्लत करते. आम्हाला हा फ्लॅग सरसकट परवडत नाही, इंटरप्टमध्ये मोठे ॲरे पुसत बसायला वेळ नसतो. पण एकेका व्हेरिएबलला त्यातून वगळायची सोय आहे, त्यामुळे निदान मुख्य लूपमध्ये तो लावून पाहण्यासारखा आहे.

सी-प्लस-प्लसने २०२६ च्या मानकात मधला रस्ता काढला आहे. रिकामा लोकल व्हेरिएबल वाचणं ही तिथे आता चूकच, पण तिचे परिणाम आवाक्यातले; प्रोग्रॅमला वाटेल ते करायची मुभा उरलेली नाही, आणि कंपायलरने बोट दाखवावं अशी अपेक्षा मात्र कायम आहे. सीमध्ये तसं काही झालेलं नाही. सी२३ या ताज्या सी मानकामध्ये नुसता रिकामा महिरपी कंस लिहून अख्खं स्ट्रक्चर शून्य करता येतं, एवढी सोय झाली. वाचण्याबद्दलचं वाक्य अजून इटॅनियमच्या वेळचंच आहे.